कागदावरचा तुरा

पॉल प्वारे हा पॅरिसचा वेशभूषाकार एकदा लंडनला गेला असताना साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयात शिरला आणि हिंदुस्थानी पागोट्यांच्या कपाटांपुढे खिळून उभा राहिला. लहान, घट्ट बांधलेली पागोटी, खांद्यावर शेमला सोडलेली पागोटी, राजेरजवाड्यांची तुरेवाली पागोटी. १९३० साली आलेल्या आत्मचरित्रात त्याने ही हकिकत मोठ्या हौसेने सांगितली आहे. त्याने संग्रहालयाच्या अधिकाऱ्यांकडून परवानगी मिळवली, पॅरिसला तार केली आणि आपल्या शिवणघरातली एक मुख्य कारागीर बाई बोलावून घेतली. आठ दिवस ती त्या पागोट्यांसमोर बसून घड्या, पीळ आणि गाठी उतरवून घेत होती. पुढच्या काही आठवड्यांत पॅरिसच्या बायकांच्या डोक्यावर पागोटी दिसू लागली.

आठ दिवस खपलेल्या त्या बाईचे नाव या हकिकतीत नाही. ती पागोटी मुळात कोणी विणली, कोणी बांधली, याचाही उल्लेख नाही. १९०८ ते १९२५ या काळातली पॅरिसची फॅशनची चित्रे मी जितकी अधिक पाहते, तितके मला हे न आलेले उल्लेख अधिक जाणवत जातात. ती चित्रे सुंदर आहेत. तितकी देखणी छापील चित्रे त्या शतकात फार थोडी निघाली असतील, असे मला मनापासून वाटते. म्हणूनच चौकटीबाहेर कोण राहिले, हे शोधावेसे वाटते.

आधी त्या कपाटांविषयी. ईस्ट इंडिया कंपनीने जमवलेल्या वस्तूंचे लंडनमधले इंडिया म्युझियम १८७९ साली मोडले आणि त्यातला मोठा भाग साउथ केन्सिंग्टनला गेला. त्या इंडिया म्युझियममध्ये जॉन फोर्ब्स वॉटसन नावाचे गृहस्थ होते. ते मूळचे डॉक्टर. मुंबईच्या लष्करी वैद्यकीय सेवेत आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांनी काम केले होते. १८६६ साली त्यांनी हिंदुस्थानी कापडाच्या ७०० अस्सल नमुन्यांचे १८ खंड तयार केले. प्रत्येक तुकडा कापून पानावर चिकटवलेला, सोबत लांबी, रुंदी, वजन आणि तो कुठे मिळाला त्याची नोंद. त्यात पागोट्यांचे कापडही होते. असे २० संच निघाले. १३ ब्रिटनमध्ये राहिले, ७ हिंदुस्थानात आले. हेतू उघड होता. इथल्या लोकांना काय नेसायला आणि डोक्याला गुंडाळायला आवडते हे मँचेस्टरच्या गिरण्यांना कळावे आणि तसलेच कापड त्यांनी इथे विकावे. म्हणजे प्वारे ज्या परंपरेत येऊन उभा राहिला, ती आधीपासूनच नकलेसाठी मांडलेली होती. फरक इतकाच की गिरण्यांना नक्कल करून हिंदुस्थानात विकायची होती आणि त्याला पॅरिसमध्ये.

पॅरिसमध्ये विकायचे तर आधी ते डोळ्यांत भरायला हवे. इथे चित्रकार आला.

तोवरची फॅशनची चित्रे म्हणजे एक प्रकारची यादी असे. एका पानावर दोन-तीन बायका ताठ उभ्या, प्रत्येक बटण, प्रत्येक लेस, प्रत्येक चुणी दिसलीच पाहिजे. शिंप्याला त्यावरून कपडा शिवता आला पाहिजे. १९०८ साली प्वारेने पॉल इरिब या पंचविशीतल्या चित्रकाराला हाताशी धरून आपल्या पोशाखांचा एक लहानसा संग्रह छापला. १० चित्रे, २५० प्रती. इरिबने घरातले सामान, भिंतीवरची तसबीर, आरसा हे सगळे नुसत्या काळ्या रेषेत ठेवले आणि रंग फक्त पोशाखांना दिला. बायका एकमेकींशी बोलताहेत, काही चक्क पाठमोऱ्या उभ्या आहेत. बटणे मोजायला कोणाला बोलावलेलेच नाही. १९११ साली दुसरा संग्रह आला, या वेळी जॉर्ज लपाप या २४ वर्षांच्या चित्रकाराचा. १२ चित्रे, १,००० प्रती. यात पागोटी आहेत. एका पानावर तर पागोटी घातलेली नुसती मस्तके आहेत: लांबट डोळे, बारीक ओठ आणि वर रंगाचा एकेक सपाट, भरघोस गोळा. पागोट्याचा पीळ दाखवायला लपापला तीन-चार रेषा पुरल्या आहेत. आमच्याकडे पगडबंद लोकांना पीळ बसवायला किती सराव लागे हे ज्यांना माहीत आहे, त्यांना या रेषांचे कौतुकही वाटेल आणि त्या किती काय गाळतात हेही लगेच दिसेल.

त्याच वर्षी २४ जूनच्या रात्री प्वारेने आपल्या घरी मेजवानी दिली. नाव ठेवले ‘एक हजार दुसरी रात्र’. सुमारे ३०० पाहुणे, सगळ्यांनी पौर्वात्य पोशाखात येणे बंधनकारक. जे तसे आले नाहीत त्यांना तिथे कपडे बदलायला लावले. त्याची बायको देनीझ सोन्याच्या पिंजऱ्यात बसली होती, डोक्यावर तुरेदार पागोटे. आदल्या वर्षी रशियन बॅलेने शहरझादची गोष्ट पॅरिसच्या रंगमंचावर आणली होती आणि तिचा नेपथ्यकार लेऑं बाक्स्तच्या भडक रंगांनी सारे शहर वेडे झाले होते. प्वारेने ते वेड तिथून उचलले असे लोक म्हणत. तो ते कधी मान्य करत नसे आणि संग्रहालयातल्या पागोट्यांची गोष्ट पुढे करत असे. मला ही भांडाभांडी गौण वाटते. इराण, तुर्कस्तान, अरबस्तान, राजपुताना, दख्खन असे सगळे प्रदेश कालवून एकच ‘पूर्व’ करण्यात दोघेही सारखेच वाटेकरी होते.

पागोटे इतक्या चटकन रुजले, त्यामागे एक व्यवहारी कारणही असावे. त्याआधीच्या हॅट पाहा. १९०७ साली लंडनमध्ये ‘मेरी विडो’ हे संगीतनाट्य गाजले आणि त्यातल्या लिली एल्सीच्या डोक्यावरची ल्यूसिल या वेशभूषाकार बाईने बनवलेली प्रचंड हॅट युरोप आणि अमेरिका या दोन्ही खंडांत पसरली. खांद्यांपेक्षा रुंद कडा, त्यावर पिसे, फुले, कधी अख्खा पक्षी. एवढे ओझे डोक्यावर टिकवायचे तर आधी केसांचा फुगवटा हवा आणि त्यातून आरपार जाणाऱ्या लांबलचक टाचण्या. ट्रॅममध्ये शेजाऱ्याच्या गालाला, कानाला त्या लागत. १९१० साली शिकागोच्या नगरपरिषदेने ९ इंचांहून लांब टाचणी लावण्यास बंदी केली आणि ५० डॉलरपर्यंत दंड ठेवला. त्या बंदीवर बायका चिडल्या, आणि त्यांचे म्हणणे खरे होते: एकटीने शहरात फिरणाऱ्या स्त्रीजवळ अंगचटीला येणाऱ्याला हटवण्यासाठी तेवढेच एक हत्यार होते. डोक्याला घट्ट बसणाऱ्या पागोट्याला तसल्या टाचण्या लागत नव्हत्या. लांब कडेची हॅट चित्रात फार जागा खाते. पागोट्याने चेहरा, मान आणि कान मोकळे केले, आणि चित्रकाराला हवी होती ती लांब, सलग रेषा मिळाली. कंबर आवळणारे कॉर्सेट प्वारेने टाकले तेव्हा कपडा खांद्यावरून सरळ खाली आला. त्या सरळ कपड्यात खिसा लपेना, म्हणून हातात लहान बटवा आला. घागरा घोट्याच्या वर गेला तसा बूट दिसू लागला. एकेक लहान वस्तू अशी कपड्याच्या बदलातून पुढे आली आणि प्रत्येकीला चित्र मिळाले.

पण तुऱ्याची गोष्ट वेगळी आहे.

मोगल दरबारात पागोट्यावर बगळ्याच्या जातीच्या पक्ष्याचे पीस खोचण्याचा मान बादशहाचा आणि त्याने दिला असेल त्याचा. कलगी, शिरपेच, तुरा ही पुरुषांची, अधिकाराची लेणी. मराठी दरबारांतही तीच रीत चालत आली. पॅरिसने ती उचलून बाईच्या कपाळावर लावली. इरिबने १९१० साली स्वतः एक रत्नजडित तुरा आखला. रोबेर लँझलेर या जवाहिऱ्याने तो घडवला आणि त्याच्या मधोमध हिंदुस्थानात कोरलेला मोठा पाचू बसवला. अधिकाराचे पुरुषी चिन्ह बाईच्या माथ्यावर गेले, यात मला धीटपणा दिसतो. तो नाकारण्याचे कारण नाही.

मात्र रत्नांचा तुरा थोड्यांकडे. बाकीच्यांना पिसे हवी होती. पांढऱ्या बगळ्याच्या पाठीवर विणीच्या हंगामात जी जाळीदार, तरल पिसे फुटतात तीच हॅटवाल्यांना हवी असत. म्हणजे पक्षी घरट्यावर असताना मारायचा. पिल्ले मागे भुकेने मरत. १९०३ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या बाजारात या पिसांचा औंसाला ३२ डॉलर भाव होता. सोने तेव्हा २१ डॉलरांच्या आत होते. याविरुद्ध उठल्या त्याही बायकाच. इंग्लंडमध्ये १८८९ साली एमिली विल्यमसन यांनी आपल्या घरी बैठक घेऊन जी संघटना सुरू केली, तीच आजची तिथली पक्षिसंरक्षणाची सर्वांत मोठी संस्था. बोस्टनमध्ये हॅरिएट हेमेनवे आणि मिना हॉल या दोघी चुलतबहिणींनी १८९६ साली ओळखीच्या घरोघरी चहाला जाऊन बायकांना पिसे सोडायला लावले. ब्रिटिश हिंदुस्थानने १९०२ साली पिसांच्या निर्यातीवर बंदी घातली. ब्रिटनमध्ये आयातबंदीचा कायदा व्हायला १९२१ उजाडले. मधल्या काळात चोरटा व्यापार चालला. मुंबई इलाख्याचाच भाग असलेल्या सिंधमध्ये लोक बगळे पाळू लागले आणि जिवंत पक्ष्याची पिसे काढून विकू लागले. या उद्योगावर मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये त्याच काळात लेख छापून आला. पॅरिसच्या पागोट्यावर थरथरणाऱ्या एका पांढऱ्या रेषेचे दुसरे टोक असे सिंधच्या पाणथळीत होते.

लपाप किंवा त्याचा समकालीन चित्रकार बार्बिए यांच्या चित्रात ते टोक दिसणे शक्यच नव्हते. पीस ही कागदावर सर्वांत सोपी वस्तू: ब्रशचा एक हलका फटकारा. मारलेल्या पक्ष्याचे चित्र इंग्लंडच्या निषेधपत्रकांत होते, फॅशनच्या पानात नाही. दोन्ही चित्रेच होती आणि दोन्ही एकाच बाईला उद्देशून काढलेली होती. शेवटी कायद्याने पहिल्या चित्राची बाजू घेतली, पण त्याला तीस वर्षे लागली.

आता ही चित्रे छापत कशी, ते सांगितलेच पाहिजे, कारण त्यातच यांचे सौंदर्य आहे. पद्धतीचे नाव पोश्वार. मूळ चित्राचे रंग वेगवेगळे करायचे, प्रत्येक रंगासाठी जस्ताचा, तांब्याचा किंवा अॅल्युमिनियमचा पातळ पत्रा घ्यायचा आणि त्या रंगाचा आकार त्यात बारीक चाकूने कापून काढायचा. मग छापील रेषेवर पत्रा ठेवून ब्रशने किंवा बोंडाने हातानेच रंग भरायचा. आपल्या रांगोळीच्या पत्र्याच्या छाप्याचीच ही तऱ्हा, फक्त एका चित्राला असे २०-३० पत्रे लागत आणि प्रत्येक रंग वाळेपर्यंत थांबावे लागे. ही विद्या ज्याने टोकाला नेली त्या झाँ सोदे याने १९२५ साली तिच्यावर एक ग्रंथच लिहिला. आम्स्टरडॅमच्या रायक्सम्युझियमने अशी शेकडो पाने सर्वांना पाहण्यासाठी खुली केली आहेत. ती पडद्यावर मोठी करून पाहिली की कडेला साचलेल्या रंगाची किंचित जाड रेघ दिसते, कुठे ब्रशचा ओघळ, कुठे रंग रेषेच्या केसभर बाहेर. यंत्राने छापलेल्या पानात रंगाचे ठिपके दिसतात. इथे अंगभर एकसंध रंग आहे. प्रत्येक प्रत एका अर्थी मूळ चित्र. ते रंग भरणाऱ्यांत बायका पुष्कळ होत्या. पानाच्या कोपऱ्यात सही चित्रकाराची, खाली नाव पोशाख बनवणाऱ्या घराण्याचे. रंग भरणारीची सही नाही. वस्तुसंग्रहालये आज या पानांखाली सोदेचे नाव देऊ लागली आहेत. त्याच्या कारखान्यातल्या हातांपर्यंत ही नोंद अजून पोचलेली नाही.

हे तंत्र नियतकालिकात आणण्याचे श्रेय ल्यूसियाँ व्होजेलचे. नोव्हेंबर १९१२ मध्ये त्याने ‘गाझेत द्यू बों तों’ सुरू केले. वर्षाची वर्गणी १०० फ्रँक, हाताने केल्यासारखा जाड कागद, खास निवडलेला टाइप आणि अंकागणिक १० पोश्वार चित्रे. पॅरिसच्या ७ बड्या पोशाखघरांचा त्याला पाठिंबा होता. तरी नेम असा होता की १० पैकी ७ चित्रांत त्या घरांचे पोशाख यावेत आणि ३ चित्रांत चित्रकाराने मनाने रचलेले. ही तीन चित्रे मला सर्वांत महत्त्वाची वाटतात. कपडा शिवला गेलाच नव्हता, पंखा घडलाच नव्हता, पागोटे कोणी बांधलेच नव्हते. ते आधी कागदावर आले आणि नंतर कुणाला हवेसे वाटले. चित्र वस्तूच्या मागून जायचे ते पुढे चालू लागले.

या चित्रकारांचा कंपू लहान होता: लपाप, नांतचा जॉर्ज बार्बिए, शार्ल मार्तँ, आंद्रे मार्ती, पिएर ब्रिसो, बर्नार्ड बुते द मॉन्वेल. बरेचसे एकाच कलाशाळेतले, चांगल्या घरचे, नीटनेटके. १९१४ साली अमेरिकन ‘व्होग’ने त्यांच्यावर लेख लिहिला तेव्हा त्यांच्या मनगटावरच्या कड्यांवरून त्यांना ‘ब्रेसलेटचे सरदार’ म्हटले. बार्बिएने त्याच वर्षी कार्तिए या जवाहिऱ्यासाठी एका निमंत्रणपत्रिकेवर मोत्यांची माळ घातलेली बाई आणि तिच्या पायाशी काळा बिबट्या काढला. त्या जवाहिऱ्याच्या घराण्याची खूण पुढे बिबट्याच झाली. झान पाकँ या बाईंनी तर १९११ मध्येच केवळ पंखे आणि फर यांच्यासाठी इरिब, बार्बिए, लपाप यांच्याकडून वेगळा संग्रह करवून घेतला होता. त्या स्वतः मोठ्या व्यवसायाच्या मालक होत्या आणि लहान वस्तू विकायला चित्र किती कामाचे हे त्यांनी प्वारेइतकेच नेमके ओळखले होते.

छायाचित्र तेव्हा दाराशी आलेच होते. एप्रिल १९११ च्या ‘आर एत देकोरासियाँ’ मासिकात प्वारेच्या पोशाखांवर लेख आला. त्यात एडवर्ड स्टायकनची छायाचित्रे आणि लपापची चित्रे शेजारी शेजारी आहेत. छायाचित्रांत कापडाचे वजन आहे, बाईला वय आहे. लपापच्या बायकांना वजनही नाही आणि वयही नाही. पुढची वीस वर्षे लोकांनी लपापची बाई पसंत केली. ‘गाझेत’ १९२५ मध्ये ‘व्होग’मध्ये विलीन झाले, प्वारेचे दुकान १९२९ मध्ये बंद पडले, आणि जुलै १९३२ मध्ये त्याच स्टायकनचे रंगीत छायाचित्र ‘व्होग’च्या मुखपृष्ठावर आले. तिथून चित्रकार मागे सरत गेला.

याच वर्षांत मुंबईत काय चालले होते? १९०९ मध्ये का. र. मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि चित्रांनी सजलेला अंक घरोघरी जाऊ लागला. १९२० मध्ये ऑटो रॉथफेल्ड यांच्या ‘विमेन ऑफ इंडिया’ या पुस्तकासाठी महादेव विश्वनाथ धुरंधरांनी ४८ रंगीत चित्रे केली. मुंबईच्या तारापोरवाला यांनी ते छापले. धुरंधरांच्या बायकांच्या अंगावरचे प्रत्येक लेणे ओळखता येते. नथ कोणत्या घाटाची, लुगड्याचा काठ कुठला, पदर कोणत्या खांद्यावर, हे कोल्हापुरात वाढलेल्या आणि मुंबईत मुरलेल्या चित्रकाराने डोळ्यांनी टिपलेले आहे. पण पुस्तकाची मांडणी प्रांत, जात आणि व्यवसाय यांची. दागिना इथे बाईची जमात सांगतो, आणि तो पुढच्या वर्षीही तोच राहणार असे पुस्तक गृहीत धरते. पॅरिसच्या पानात दागिना बाईचा हंगाम सांगतो. पुढच्या अंकात तो बदललेला असतो. एकाच काळातली ही दोन प्रकारची चित्रे. एकीकडच्या बाईला आवडनिवड आहे, दुसरीकडच्या बाईला फक्त रीत आहे. धुरंधरांचा हात लपापपेक्षा उणा नव्हता. त्यांना मिळालेला विषयच तसा आखलेला होता. आपल्याकडच्या बायकांनी त्याच वर्षांत पोलक्याच्या बाह्या, चपलांचे पट्टे, अंबाड्यांचे घाट किती बदलले हे घरोघरच्या जुन्या फोटोंत दिसते. त्यांच्या हौसेचे असे हंगामवार चित्र कोणी काढले नाही, याची मला खंत आहे.

आणि मग एक मराठी बाई या दोन्ही प्रकारच्या चित्रांत गेली. कागलच्या घाटग्यांच्या घरातल्या संयोगिताबाईंचे लग्न १९२४ मध्ये इंदूरच्या यशवंतराव होळकरांशी झाले. हे दांपत्य युरोपात वावरले, मॅन रेने त्यांची छायाचित्रे काढली. त्यांची तैलचित्रे काढायला यशवंतरावांनी निवडले ते बर्नार्ड बुते द मॉन्वेल यांना, म्हणजे त्या ‘ब्रेसलेटच्या सरदारां’पैकीच एकाला. १९२९ मध्ये त्याने यशवंतरावांना युरोपीय सायंकाळच्या काळ्या पोशाखात रंगवले. काही वर्षांनी, १९३३-३४ च्या सुमारास, दोघांनाही मराठी पेहरावात. यशवंतरावांच्या डोक्यावर होळकरशाही पागोटे आहे आणि गळ्यात त्यांच्या वडिलांनी पॅरिसच्या शोमे या जवाहिऱ्याकडून १९१३ मध्ये घेतलेले दोन मोठे नासपतीच्या घाटाचे हिरे.

सपाट रंग, धारदार कड, उरलेली जागा मोकळी: हात पोश्वारच्या पानांवर तयार झालेला आहे हे लगेच कळते. पण लपापच्या पागोट्यांशेजारी हे पागोटे ठेवले की फरक जाणवतो. इथे चित्रकाराला तीन-चार रेषांत भागवता आलेले नाही. समोर बसलेल्या माणसाचे पागोटे विशिष्ट घराण्याचे आहे, त्याचा पीळ ठरलेला आहे, आणि तो चुकला तर समोरचा माणूस सांगणार आहे. साउथ केन्सिंग्टनच्या कपाटातल्या पागोट्याला तसे सांगता आले नव्हते. संयोगिताबाईंच्या चित्रातही तोच सावधपणा आहे. पॅरिसच्या उंची पोशाखातही वावरलेली ही विशीच्या उंबरठ्यावरची मुलगी इथे मराठी लुगड्यात बसली आहे, आणि या दोहोंतले काय, कधी घालायचे ते तिचे तिने ठरवले असावे असे तिच्या चेहऱ्याकडे पाहून मला वाटते. १९३७ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये ती वारली. बुते द मॉन्वेल १९४९ मध्ये अझोर्स बेटांवरच्या विमान अपघातात गेला, आणि त्याच्या घरात उरलेली चित्रे २०१६ मध्ये पॅरिसच्या लिलावात निघाली तेव्हा मराठी पेहरावातले यशवंतराव त्यात होते.